बायकांची बॅच, अकरा ते बारा

तिचं नाव इल्डिको.
रजिस्टरात मी आधी इलडिका लिहिलं, खोडलं, मग इलडीकू.
सरपोतदारबाई म्हणाल्या, इंदू म्हणू या की.
तर ती इंदू झाली
आणि हाकेला ओसुद्धा देऊ लागली.

चेंबूरच्या तरणतलावावर मी किल्ल्या सांभाळते.
बाहत्तर लॉकर, एकोणसाठ किल्ल्या,
उरलेल्या कुठे गेल्या ते तळालाच ठाऊक.
टोपी नाही तर प्रवेश नाही. आधी शॉवर, मग पाणी.
तेल चोपडून आलात तर परत पाठवीन.
हे मी दिवसातून चाळीसदा म्हणते,
आणि मला पोहता येत नाही.

पहिल्या दिवशी तिने पायाचा अंगठा बुडवून विचारलं,
गरमवाला किधर?
म्हटलं, मे महिन्यात ये, आपोआप होतं.
बायका हसल्या. ती वाट बघत राहिली, खऱ्या उत्तराची.
तिचं हिंदी दुकानापुरतं, माझं इंग्रजी फॉर्मपुरतं,
मधल्या जागेत आम्ही हात वापरायचो.

हातांनीच तिने सांगितलं तिच्या गावाचं.
जमिनीतून कढत पाणी येतं, सडक्या अंड्याच्या वासाचं.
काठावर बर्फ, आत गळ्यापर्यंत म्हातारी माणसं,
डोक्यावर लोकरीच्या टोप्या,
बटाट्याचे भाव, गुडघे, सुना.
तिची आई दर गुरुवारी त्याच एका कोपऱ्यात, चाळीस वर्षं.
दुसरं कुणी बसलेलं दिसलं तर बोलायची नाही,
नुसती समोर उभी राहायची.
मला ती बाई ओळखीची वाटली.
आमच्या नळावर होती तशी एक.

मी तिला वज्रेश्वरीची कुंडं सांगितली. तिथेही तोच वास.
जाऊ या, म्हणाली. जाऊ या, म्हटलं.
मग माझ्या धाकटीचं बाळंतपण आलं,
मग तलावाची दुरुस्ती निघाली, मग राहिलंच.

आमच्या बायका पाण्याशी भांडतात, धापा टाकतात, दांडा धरतात.
ही चष्मा लावून, मान वर,
भाजी आणायला निघाल्यासारखी
साडेतीन फुटांकडून चौदा फुटांकडे जायची
आणि तशीच परत, पिशवी भरल्यासारखी, जराशी सावकाश.

एका बुधवारी आली आणि कपडे न बदलता बाकावर बसली.
फोन पुढे केला. अक्षरं आपल्या ओळखीची नव्हेत.
मम्मा, म्हणाली, आणि पंजा मिटला.
मी हाताचं विमान केलं.
तिने मान हलवली. भावाने कळवलं होतं
सगळं उरकल्यावर.

आमच्यात लांबची बातमी आली की डोक्यावरून आंघोळ करतात.
लांब म्हणजे नात्याने की अंतराने,
हे मी कधी कुणाला विचारलेलं नाही.

वॉचमनच्या खोलीत पाणी तापवायचा रॉड आहे.
पालिकेला माहीत नाही.
बादलीभर पाणी केलं, हाताला सोसेल त्याहून थोडं जास्त.
शॉवरच्या आडोशाला तिला स्टुलावर बसवलं, कपड्यांसकट,
आणि मगाने ओतत गेले.
वाफ आली. वास क्लोरीनचाच.
ती तिच्या भाषेत बोलत होती, भराभर,
मी हं हं म्हणत होते.
सरपोतदारबाईंनी स्वतःचा कोरडा टॉवेल दिला
आणि ओल्याच घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी गुरुवार.
ती आली, टोपी घातली, पोहली नाही.
उथळ भागात, जिन्याजवळच्या कोपऱ्यात
गुडघे वाकवून गळ्यापर्यंत बसून राहिली.
एक नवी मुलगी फ्लोट घेऊन त्याच कोपऱ्याकडे निघाली
तेव्हा मी जीवरक्षक पोरीच्या गळ्यातली शिट्टी ओढून वाजवली.
ती जागा घेतलेली आहे, म्हटलं.

बारा वाजले. बारा पाच.
गेटवर पुरुषांची बॅच ओरडायला लागली होती.
मी किल्ल्या मोजायला घेतल्या,
एकोणसाठ,
पुन्हा पहिल्यापासून.